स्पॅनिशमध्ये बोललेलं खोटं

पुण्याला मी स्पॅनिश शिकले आणि आता दारव्ह्याला, माहेरी बसून, त्या भाषेत लोकांना मोबाइल शिकवते. कंपनी परदेशातली. तिकडच्या वयस्कर माणसांचे फोन येतात. अक्षरं मोठी कशी करू, फोटो कुठे गेले, पासवर्ड आठवत नाही. 'देस्पासिओ,' मी म्हणते. म्हणजे सावकाश. घाई नाही, पुन्हा दाबून बघा. त्या कामात माझा आवाज इतका मऊ होतो की मलाच नवल वाटतं.

त्या दुपारी एका आजींना अक्षरं मोठी करायला सांगत होते. त्या सारखं भलतंच बटण दाबत होत्या. तेवढ्यात बाबा त्यांचा मोबाइल घेऊन दारात आले.

"बाई, जरा पाह्य बरं याले. कोनाचा फोनच येऊन नाही राह्यला. तुया आत्यानंही नाही केला."

"बाबा, कालपासून तेच! काम करून राह्यली ना मी? जा न तिकडं!"

माइक बंद करायचा राहिला होता.

आजी बटणं दाबायच्या थांबल्या. मराठी त्यांना कळणार नव्हती, पण सूर कळला असावा. "तुझे वडील का गं?" त्यांनी विचारलं. "त्यांचं आधी बघ. मी थांबते, मला कुठे जायचंय?"

"नाही, शेजारचे आहेत," मी म्हणाले.

बाबा अजून दारातच होते. त्यांना तो स्पॅनिश शब्द कळला नाही. तरी मी मान वर केली नाही.

काम संपवून बाहेर आले, तर बाबा नव्हते. खाटेवर मोबाइल पडला होता. आई म्हणाली, "बाभुळगावले गेले, आत्याकडं. ती रागावली म्हनत होते. फोन नेला नाही, तसाही वाजत नाही म्हने."

मी उचलून पाहिला. कधीतरी हात लागून आवाज बंद झाला होता, बस. पडद्यावर आत्याचे न उचललेले फोन एकाखाली एक. मधे बाबांच्या मित्राचेही. एका बोटाचं काम होतं.

संध्याकाळी बाबा आले, धुळीनं माखलेले. हात-पाय धुता धुता म्हणाले, "ती म्हने, तूच उचलत नाही. अन् मले वाटे, लोकाईले आता मायाशी बोलायचाच कंटाळा आला."

मी फोन पुढे केला, काय झालं होतं ते सांगितलं. आवाज कुठून सुरू होतो तेही दाखवलं. माझा वेग तोच, घाईचा होता. ते नुसते हो हो म्हणत राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. ते दचकलेच, मग हसले. आत्या होती, घरी पोचले का विचारत होती.

"पोचलो ना. अन् फोन पोरीनं दुरुस्त केला पाह्य. तिले लय येते त्यातलं. परदेशातले लोक इचारतात तिले!"

ते आणखी काय काय सांगत होते. मी उठून आत गेले.