वारलूच्या मोबाइलमधलं पाणी

एटापल्लीच्या पुढं, डांबरी रस्ता संपल्यावर एक टेकडी लागते. तिच्या माथ्यावर मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि त्याची राखण करायला कोरचीकडून वारलू हलामी आला. मी तेव्हा टेकडीखालच्या गावात शिक्षक होतो. गावात रेंज नव्हती, म्हणून फोन लावायला आम्ही सगळेच वर चढायचो.

वारलू पन्नाशीचा, हडकुळा, कमी बोलणारा. बायको सुकरी तापानं गेलेली, मूलबाळ नाही. जनरेटर चालू करायचा आणि कुंपणात गुरं शिरू द्यायची नाहीत, एवढंच त्याचं काम. साऱ्या जंगलात सगळ्यांत चांगली रेंज त्याच्या पत्र्याच्या खोलीत होती, आणि फोन करावा असं त्याला कोणी नव्हतं. लोक बोलायला लागले की तो उठून पलीकडे जाऊन बसायचा. आपण ऐकतोय असं कुणाला वाटू नये म्हणून.

एकदा कंपनीचा दिनेश तपासणीला आला. नेट कसं चालतंय ते बघायला त्यानं मोबाइलवर एक पान उघडलं. पडदा काळा. त्यावर बोट ओढलं की पाण्यात शाई सोडावी तसा मागून रंग सुटायचा. वळायचा, भोवरे करायचा, दुसऱ्या रंगाला ढकलायचा आणि विरून जायचा.

"हे काय होय, साहेब?" वारलूनं विचारलं.

"टाइमपास. पाणी कसं वाहतं, त्याचं गणित आहे आत."

"माह्या मोबाइलवर चालन का?"

दिनेशनं ते पान त्याच्या मोबाइलवर उघडून दिलं आणि गाडीत बसून निघून गेला.

तेव्हापासून वारलू दुपारभर मोहाच्या सावलीत बसून रंग फिरवायचा. एके दिवशी मी वर गेलो तर तो घाबराघुबरा. "गुरुजी, मोबाइल बिघडला. सारा पांढरा पडला."

पडद्याच्या कोपऱ्यातल्या कुठल्याशा खुणेवर त्याचा अंगठा पडला होता आणि रंग विरायचेच बंद झाले होते. एकावर एक साचून पडदा पांढराफटक झाला होता. मी खुणा मागंपुढं करून ते पहिल्यासारखं केलं.

"जीव गेल्ता माहा," तो म्हणाला.

गावातली बुधरीबाई बाजाराच्या दिवशी वर यायची. तिचा मुलगा पत्रू तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. त्याचा फोन बहुतेक वेळा बंदच असायचा. तरी ती बसून राहायची, थोड्या वेळानं पुन्हा लावायची. अशीच बसली असताना एकदा वारलूनं आपला मोबाइल तिच्यापुढं धरला.

"काय करू याचं?"

"बोट फिरव न, बाई."

तिनं बोट टेकवलं. निळा रंग फुटला तसा तिनं हात मागं घेतला. मग पुन्हा टेकवला. वारलूनंही आपलं बोट दुसऱ्या टोकाला ठेवलं. दोघांचे रंग मधोमध आले आणि एकमेकांभोवती फिरायला लागले. "अव माय!" म्हणून बुधरीबाई खळखळून हसली. त्या टेकडीवर लोक फोनवर ओरडायचे, कधी रडायचे. हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. नंतर प्रत्येक बाजाराला ती फोन लावून झाल्यावर घटकाभर त्याच्याजवळ बसायची. बोलणं फारसं होत नसे.

उन्हाळा लागला आणि पत्रू परत आला. त्याच सुमारास शाळेपलीकडे दुसरा टॉवर सुरू झाला. टेकडी चढायचं कुणाला कारण उरलं नाही. मीही क्वचित जाऊ लागलो.

असाच एकदा गेलो तर वारलू मोबाइल जमिनीवर ठेवून त्यावर वाकला होता. एक बोट डाव्या हाताचं, एक उजव्याचं. दोन्हीकडून रंग एकमेकांकडे ढकलत होता.

"खाली येत जा न गावात, वारलूभाऊ," मी म्हणालो. "बुधरीबाई आहे, पत्रू आहे."

"जाऊन काय सांगू, गुरुजी? काम काय होय म्हनून?"

तरी तो गेला एकदा. पत्रूनंच मला सांगितलं. बुधरीबाई मोह वेचायला जंगलात गेली होती. पत्रूनं खाट टाकली, पाणी दिलं आणि काही काम होतं का म्हणून विचारलं. "नाई, असाच आल्तो," वारलू म्हणाला. पाणी प्याला, मिरचीचं विचारलं, आणि बुधरीबाई यायच्या आधीच उठून गेला.

पावसाळ्याच्या तोंडावर टॉवरवर सोलर बसलं. राखणदार लागेनासा झाला. वारलू आरमोरीला एका धानाच्या गोदामावर चौकीदार लागला. जाताना माझा नंबर घेऊन गेला. कधीमधी त्याचा फोन येतो, मागं हमालांचा गलका असतो.

"रंग फिरवता का अजून?" मागच्या वेळी मी विचारलं.

"मोबाइल पडला, गुरुजी. अर्ध्या काचेवर बोट चालत नाई. बाकीच्यावर फिरवतो." मग म्हणाला, "इथी मानसं लय हायेत. पन..."

पुढं काही म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. पण तिकडे ट्रक आल्याची कुणीतरी हाक दिली, आणि त्यानं घाईनं फोन ठेवला.