पाठीमागची पट्टी

कारखाना म्हणायचा म्हणून म्हणायचा, एरवी दोन खोल्या. जाड पारदर्शक प्लास्टिकच्या शीट कापून काकू तिथे रुग्णालयातल्या पाळण्यांच्या बाजूच्या फळ्या बनवायच्या. वर्षापूर्वी नवरा गेला आणि त्यांनी राउटर, म्हणजे शीट कापायचं फिरत्या पात्याचं यंत्र, हाती घेतला, तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती.

गेल्या दोन महिन्यांत मात्र आडवा काप संपताना कोपऱ्याचा टवका उडू लागला. माल दोनदा परत आला, आणि त्यात चूक काय? तान्ह्या बाळाच्या हाताशी असला कोपरा कोण ठेवील? तिसऱ्यांदा परत आला तर वहिनी, आपण कुलूप लावू, असं दिरांनी समजुतीच्या सुरात सांगून टाकलं. काकूंनी पातं बदललं, शीटवाल्याला फैलावर घेतलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्या दुसऱ्या कोणाला कधीच म्हणाल्या असत्या.

शेवटी नवं सरकतं टेबल बघायचं ठरलं. जुनं नवऱ्याने स्वतः केलेलं, लाकडी. शीट त्यावर आवळायची आणि टेबल खाचेतून सरकवत पात्यावरून न्यायचं. खाच झिजून ते आता डुलत चालायचं. फिटरने आणलेलं टेबल दोन पोलादी दांड्यांवर अलगद सरकलं. त्याने कापून दिलेल्या तुकड्यावरून काकूंनी अंगठा फिरवला. कुठे खरखर नाही.

"घेते," त्या म्हणाल्या, "पण मागची पट्टी माझीच लावायची."

शीटला मागून टेकू देणारी ती लाकडी पट्टी. तिच्यावर नवऱ्याच्या हातची पेन्सिलीची मापं होती. वर्षभर काकूंनी तिला फडकंसुद्धा लागू दिलं नव्हतं. फिटरने ती लावली, काप घेतला आणि टवका उडाला.

पातं शीटमधून बाहेर पडताना पट्टीतही शिरायचं, आणि डुलत्या टेबलाने ती फट एवढी रुंद केली होती, की कोपऱ्यामागे टेकूच उरला नव्हता. काकूंना कळलं, पण मन ऐकेना.

"काकू, ही कापली जाते म्हणून माल वाचतो," फिटर हळूच म्हणाला. "ही जपायची वस्तू नाही."

मग त्याने जुन्या टेबलालाही कोरी पट्टी लावून पाहिली. कोपरा शाबूत आला, पण कापावर लाटा होत्या. जुन्या टेबलाचा निकाल तिथेच लागला.

काकूंनी जुनी पट्टी उचलून उलटी केली. मागच्या बाजूला, त्याच हस्ताक्षरात, बसवल्याची तारीख होती आणि खाली लिहिलं होतं, 'महिन्याभरात बदलणे.'

त्यांना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. अक्षर जपायच्या नादात त्यांनी ते वाचलंच नव्हतं.

त्यांनी पेन्सिल मागून घेतली. नव्या पट्टीवर, मागे नाही तर पुढे, डोळ्यांसमोर, आजची तारीख घातली आणि खाली लिहिलं, 'बदलणे.'