पडलेल्याला मारावं की नाही

देवबागात माझ्यावर अजून कोणी विश्वास ठेवत नाही. दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले, आणि तेही टीव्हीवरच्या मारामारीवरनं, असं सांगितलं की बाया मासळी निवडता निवडता हसतात. "जमिनीवरना असतला," म्हणतात. "नायतर तुझ्यावरना." जमीन आमची एवढीशी, माड उभे राहिले की माणसाला जागा नाही. आणि मी चौथी शिकलेली बाई. खोटं बोलायचंच असतं तर याहून बरं सुचलं असतं.

असे किस्से घरात साठत जातात, पावसाळ्यासाठी ठेवलेल्या सुक्या बांगड्यांसारखे. त्यातले थोडे काढते.

*

बाबल माझा नवरा, दिगू धाकटा दीर. बाबल तरुणपणी मुंबईच्या गोदीत होता, तिथे बॉक्सिंग शिकला. दिगू बोटीवरची नोकरी सोडून आला तो सीडींची थप्पी घेऊन. जाळीच्या पिंजऱ्यात दोन उघडी माणसं. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं एकत्र. त्याला एमएमए म्हणतात.

रविवारी दुपारी जेवून दोघे बघत बसले. एकजण पडला. दुसरा त्याच्या छातीवर बसला आणि हाणायला लागला.

बाबल उठला. "पडलेल्या माणसाक मारतत? ह्यो खेळ? आमच्यात मागे सरतत, धा आकडे मोजतत."

दिगू म्हणाला, "आणि तो उठलो की परत त्याच डोक्यावर मारतत. आमच्यात सोसना नाय तर हातान जमीन थोपटूची, सुटलो. घराक गेलो."

"थोपटून सुटणारो माणूस माझ्या होडीत नको."

"होडी बापाशीची आसा."

संपलं. त्या दिवसापासून दोघांची तोंडं बंद. दिगूने मला सांगितलं, "वयनी, नारळी पुनव झाली की मी गोव्याक ट्रॉलरवर जातंय." आमची होडी एकट्याने चालत नाही. तो गेला की ती माडाखाली उपडी पडणार, आणि माझा नवरा तिच्या शेजारी. मला हे दिसत होतं. त्या दोघांना दिसत नव्हतं.

*

त्याच दिवसांत बाजारात शेजारी बसणाऱ्या रत्नाने माझ्या मासळीच्या जागेवर टोपली मांडली. मी दोनदा सांगितलं. मग तिला कमरेला धरून उचललं आणि बर्फाच्या पेटीत बसवलं.

घरी येईपर्यंत बातमी पोचलेली. बाबल म्हणाला, "शेवंते, समोरना एक ठोसो दिलंस असतंस तर शोभला असता. कमरेक कसली धरतंस?"

पडवीतनं दिगूचा आवाज आला, "वयनी बरोबर खेळली."

बाबल मला म्हणाला, "त्येका सांग, तुका कोणी विचारूक नाय."

मी दोघांना सांगितलं, की रत्नाला उद्या पेजेला बोलावलंय, तिची कंबर धरलीय, जरा शेकायला हवी. तुमचा खेळ कुठला त्यात?

*

न बोलता हे दोघे समुद्रात करतात काय, हे मला कळत नव्हतं. एक इंजिनावर, एक जाळ्यावर. बोलल्याशिवाय भागत नाही. मग एकदा बारशाला खाडीपलीकडे जायचं होतं, तेव्हा मला होडीतनं नेलं.

बाबल पुढे बसलेला. पाण्याकडे बघत म्हणाला, "इंजिना, डावीकडे घे. फुडे वाळू आसा."

दिगूने डावीकडे घेतलं. थोड्या वेळाने म्हणाला, "इंजिना, दादाक सांग, वाळू माका पण दिसता."

मी मध्ये बसलेली. म्हटलं, "इंजिना, ह्या दोघांका हयच बुडव."

*

पावसात बाबलला ताप आला. खोलीत पडून होता, अंगात हात उचलायची ताकद नाही. दिगू दिवसभर कुठे गायब. संध्याकाळी भिजून आला, नवी सीडी घेऊन. पडवीत लावली आणि आवाज मोठा केला. बॉक्सिंग होतं. बोलणारा इंग्रजीत बोलत होता, आमच्यापैकी कोणाला कळत नव्हतं. मधे मधे घंटा.

खोलीतनं बाबल मला म्हणाला, "कोण जिंकता विचार त्येका."

"तूच विचार," मी म्हटलं.

मग दिगू मला म्हणाला, "अजून चालला म्हणान सांग. आणि पेज खाल्ल्यान काय ता विचार."

मी मोरीत जाऊन उगाच भांडी घासली.

*

नारळी पौर्णिमा झाली. दिगूची पिशवी भरलेली, नऊच्या गाडीने जाणार. सकाळी मी किनाऱ्यावर गेले तर दोघे वाळूत समोरासमोर उभे. पंचेचाळिशीचे घोडे! बाबलच्या मुठी वर, पाय नाचवतोय. दिगू खेकड्यासारखा वाकलेला.

बाबलचा एक ठोसा बसला. दिगूची भुवई फुटली, पडला. बाबल लगेच मागे सरला आणि बोटं दाखवून मोजायला लागला. एक, दोन, तीन. चारला दिगूने त्याचे पाय ओढले. बाबल खांद्यावर पडला आणि असा ओरडला की होड्यांवरचे कावळे उडाले.

दिगूने त्याला सोडलं. तोंडावर रक्त, ते पुसलंही नाही. "दादा. दादा रे, हात हलव बघू."

"हलना नाय."

"माझ्या गळ्यात टाक दुसरो. ऊठ."

मालवणात सगळे ओळखीचे, म्हणून रिक्षा पुढे कट्टा गावाला घेतली. मध्ये मी, दोन्हीकडे हे दोघे. गोव्याची गाडी केव्हाच निघून गेली होती. पिशवीचं नाव कोणी काढलं नाही.

कट्ट्याचा डॉक्टर नवीन होता. त्याने बाबलचा खांदा बघितला, दिगूची भुवई बघितली. म्हणाला, "ही मारामारी आहे. कोणी मारलं? खरं सांगा, नाहीतर मला पोलिसांना कळवावं लागेल."

दोघांनी माझ्या डोक्यावरनं एकमेकांकडे बघितलं. एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदाच नीट बघितलं असेल. मग दोघे एका तोंडाने म्हणाले,

"शेवंती."