पाय टेकवायचा नाही

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. माझ्या धाकट्या जावेचा गुडघा सुजला. कुंभार पिंपळगावच्या हाडवैद्याचे लेप लावून झाले, सूज हटेना. मग तिला जालन्याला आणलं. तिथे मस्तगड भागात नात्यातल्यांच्या एका खोलीत आम्ही दोघी राहिलो.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. गुडघ्याच्या वर हाड आतून पोखरलेलं होतं. ते म्हणाले, "गाठ साधी असली तर खरवडून पाय वाचतो. कॅन्सर असला तर मांडीतून काढावा लागेल. नुसत्या फोटोवरून कळत नाही. आधी तुकडा काढून हैदराबादला तपासायला पाठवू. तोवर पाय बिलकुल टेकवायचा नाही. हाड मोडलं तर गाठ मांसात फुटेल. मग ती साधी असली तरी पाय वाचेल असं मी म्हणणार नाही."

गावाहून आलेल्या मामंजींना हे पटेना. "तपासू तपासू म्हन्ता जीव जाईल पोरीचा. जल्दी कापून टाका."

आमच्या घरात सुना सासऱ्यांशी बोलत नसत, पण माझी जीभ मुळातच तिखट. मी दाराआडून म्हटलं, "पाय तिचा हाय. तिला तर इचारा!"

ती हळूच म्हणाली, "थांबू."

तुकडा गेला आणि मी राखणीला बसले. खरं सांगते, त्या दिवसांत मला घास गोड लागला नाही. तिने कूस बदलली तरी मी उठून तिचा पाय बघायचे. ती मात्र मलाच हसायची. "जाऊबाई, लेकरू हाय का मी? कळतंय मला."

एका दुपारी मी चुलीपाशी भाकरी थापत होते. मामंजी दवाखान्यातून तडक आले. "साधी निघाली! गाठ साधी निघाली! पाय वाचला, पोरी!" असं ओरडतच ते आत शिरले.

सासरे समोर आले की आमच्याकडे सून बसून राहत नाही. डोक्यावरचा पदर सावरत ती खाटेवरून उतरली आणि उभी राहिली.

मी पिठाच्या हातांनी धावले, पण पोचले नाही. मामंजी "बस, पोरी, बस" म्हणत होते. ती खाली पडल्यावरही ते तेच म्हणत राहिले.