दिव्याकडे न येणारा पतंग

मकरपुऱ्याच्या कारखान्यात सुभानरावांनी जन्मभर मालाची तपासणी केली. निवृत्तीनंतर ती सवय पतंगांकडे वळली. समा भागातल्या आपल्या घरी गच्चीवर पांढरी चादर बांधायची, पुढे दिवा लावायचा आणि जो पतंग चादरीवर बसेल त्याची नोंद करायची. नखाएवढ्या, गव्हाळ रंगाच्या पतंगांच्या जाती ओळखताना भलेभले फसत. सुभानराव फसत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती.

म्हणूनच निजामपुऱ्याच्या विधवा वहिनींनी, मथुराबाईंनी, श्रावणात त्यांना बोलावले. घरात बारीक पतंग झाले होते. सुभानरावांनी दिव्यापाशी चार पकडले, भिंगाखाली धरले. मागच्या पंखाचे टोक बोटासारखे पुढे आलेले.

"गव्हातले आहेत, वहिनी. गहू उन्हात घाला."

"आणि कोटाची पेटी? ती पण जरा बघून घ्या ने."

"कशाला? उगाच दमट हवा आत जाईल."

कोट आजोबांचा, संस्थानच्या फौजेतला, जाड लोकरीचा. दर दसऱ्याला तलवारीशेजारी मांडून त्याची पूजा होई. थोरल्या भावाने जाताना तो वहिनींच्या हवाली केला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला.

"भावजी, गव्हातले गेले. पण एक जात जाईना. दिवा लावला की उडत नाही, धावत कपाटाखाली! अगदी तुमच्यासारखी, पाहुणे आले की आत."

वहिनी हसल्या. सुभानरावांच्या हातातला चहा तसाच राहिला. इतकी वर्षे त्यांनी दिव्याकडे येणारेच पतंग पाहिले होते. उजेड टाळणारा त्यांच्या चादरीवर कधी बसलाच नसता.

ते तडक रिक्षाने निजामपुऱ्याला पोचले. कपाटाखालची कोटाची पेटी ओढून त्यांनी झाकण उघडले. कुबट वास आला. कोटावरच्या मलमलीवरून एक फिकट पतंग धावत घडीत शिरू लागला. सुभानरावांनी तो काचेच्या डबीत धरला. डोक्यावर तांबूस केसांचा झुपका. पंखाला बोट नाही.

"ओळखलंत?"

"कसर," ते हळूच म्हणाले, "लोकर खाणारी."

"अगंबाई! मग आधी कोट बाहेर काढते."

"वहिनी, थांबा. हात नका लावू—"

वहिनींनी खांद्याला धरून कोट उचललाच. हातात नुसते सुती अस्तर आले. लोकर भुशासारखी पेटीत गळाली आणि पितळी बटणे तळाशी एकामागून एक वाजली.

अस्तर तसेच हातात धरून वहिनींनी विचारले, "भावजी, उद्या तलवारीशेजारी काय मांडायचं?"