माळावरच्या बंगल्याची ओसरी

वैरागच्या रस्त्याला शहर मागं पडलं की डावीकडच्या माळावर एक दगडी बंगला दिसतो. सोलापूरचा उन्हाळा सोसवत नाही आणि महाबळेश्वर परवडत नाही, अशा वकील-व्यापाऱ्यांनी कधीकाळी हवा खायला तिथं चार बंगले बांधले. तीन पडले. उरलेला माझ्या मैत्रिणीच्या सासरचा. आमची मैत्री शाळेपासूनची. तिच्या लग्नाचा बस्ता नव्या पेठेत बांधला तेव्हाही मी सोबत होते.

बंगल्याला तिन्ही बाजूंनी ओसरी. घरची माणसं यायची थांबली, तेव्हा तिच्या सासऱ्यांनीच एका धनगर कुटुंबाला तिथं टेकायची मुभा दिली. दर उन्हाळ्यात ते आसपासच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायला येत आणि दुपारी ओसरीवर विसावत. ओसरी झाडून ठेवत, चूल मात्र खाली लिंबाजवळ. बंगल्याची दारं-खिडक्या आज जागेवर आहेत ती या लोकांच्या राबत्यामुळं. नाहीतर माळावरच्या रिकाम्या घराचं सागवान कोण सोडतं?

त्या धनगरांच्या घरातल्या म्हातारीची नात मी शिकवायचे त्या वर्गात होती, त्यामुळं म्हातारी मला मानायची. हे मैत्रिणीला ठाऊक. ती म्हणाली, वास्तू दुरुस्त करायचीय, दोन उन्हाळे जागा मोकळी हवी, मग ओसरी पुन्हा त्यांचीच; तुझं ऐकतील. जुनं काही वाचतंय म्हटल्यावर मी हुरळले. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागं, ही म्हण जन्मभर मुलांकडून घोकून घेतली, आणि गेले.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग कनवटीची पिशवी सोडून हळदीचा भंडारा माझ्यापुढं धरला. त्यांच्यात शब्द द्यायचा तो भंडारा उचलून. मी चिमूटभर उचलला, देवाचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिऱ्हाड हलवलं.

दोन उन्हाळे सरले आणि या चैत्रात बंगल्याचं उद्घाटन झालं. रिसॉर्ट! ओसरीवर वेताच्या खुर्च्या, भिंतीवर मेंढरांमागं चाललेल्या धनगराचा मोठा फोटो. खाली पाटीवर बंगल्याचा इतिहास, मीच लिहून दिलेला. मी तो फोटो बघत होते तेवढ्यात फाटकाशी गलका झाला. वॉचमन म्हातारीला अडवत होता आणि ती माझ्याकडं बोट दाखवून सांगत होती, त्या बाईंना विचारा.

मी तशीच मैत्रिणीकडं गेले. हे आधीपासून ठरलेलं होतं का, विचारलं. तिनं मान डोलावली. मग मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस का त्यांच्याकडं?" ती म्हणाली. वर माझ्या हातात पन्ह्याचा पेला दिला.

इतक्या वर्षांत माझ्या खरेपणाचा एवढा चोख हिशेब कुणी मांडला नव्हता. माझा संताप संताप झाला. पेला तिथंच ठेवून मी फाटकाबाहेर आले आणि म्हातारीला सगळं सांगितलं. मलाही फसवलं हो, म्हणाले. तेवढं तरी तिला पटावं असं वाटत होतं.

तिनं पदर डोक्यावर सारखा केला.

"तुमाला तिनं फसवलं आसंल, बाई," ती म्हणाली. "पर आमी तिला वळकत बी न्हाय. आमी तुमच्या शब्दावर उठलो की."