छापण्याआधीची बातमी

माझ्यावर कुणी आळ घेतला की माझं डोकंच फिरतं. त्या दिवशी मुख्य वार्ताहरांनी दोन पेपर माझ्यापुढे टाकले आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, दोन्हीकडून पगार घेतोस काय?" एक पेपर आमचा, दुसरा आमच्या वाईटावर टपलेला. दोन्हीकडे एकच बातमी, मरोळच्या एका चाळीत नळाला निळसर पाणी येतंय. ती बातमी मी त्या चाळीत जाऊन, ग्लासात पाणी धरून, स्वतः बघून आणली होती. तिथे दुसरा कुणी पेपरवाला फिरकलाही नव्हता, हे चाळीतल्या बायकाच मला सांगत होत्या. आणि असं पहिल्यांदा होत नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. पार्ल्यापासून दहिसरपर्यंतच्या बारीकसारीक बातम्या मी उपनगरांच्या पानासाठी आणायचो. अजून कायम झालो नव्हतो. "पुन्हा असं झालं तर घरी बसायचं," साहेबांनी बजावलं. बातमीवर नाव नसायचं, वर फक्त 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच. तेव्हा माझी बातमी माझीच, असं छातीठोकपणे सांगायचीही सोय नव्हती.

माझा पहिला संशय समोरच्या काकूंवर. आमच्या मजल्यावर फोन एकच, तो त्यांच्याकडे. दुपारी घरी जेवून मी बातमी लिहायचो आणि संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये उभा राहून ऑफिसला फोनवर वाचून दाखवायचो. मी रिसीव्हर उचलला की काकू तांदूळ निवडायला घ्यायच्या आणि रेडिओ बारीक करायच्या. तांदूळ निवडायला शांतता कशाला लागते हो? त्यांचा भाचा कुठल्याशा छापखान्यात होता म्हणे. झालं, मी मनातल्या मनात त्यांना बेड्या ठोकल्या.

हे मी जेवताना घरी बोललो आणि बाबा ताटावरून उठले. बाबा गिरणीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले कारकून. माझ्या कामाबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं, "लोकांची गटारं हुंगत फिरायचं, ही काय नोकरी झाली?" पण त्या दिवशी तेच तरातरा समोरच्या दारात गेले. "आमच्या पोराच्या पोटावर पाय देता? लाज वाटत नाही?"

"अहो, तोंड सांभाळा!" काकू कडाडल्या. "मला काय करायचीत तुमची गटारं? फोन वापरू देते हेच चुकलं माझं!" त्यांनी दार धाडकन लावलं. फोन बंद झाला तो झालाच. आई मालवणीत बाबांवर उखडली, "जेवान टाकून भांडाक जातास, काय म्हणूचा तुमका?"

फोन गेला म्हणून दुसऱ्या दिवशी मी बातमीचा कागद खिशात घालून थेट ऑफिसात नेला. रॉकेलची बातमी होती. अंधेरीच्या एका रेशन दुकानातल्या मापाला खालून आत पोचा पाडलेला होता, त्यामुळे माप भरलेलं दिसायचं आणि घरी रॉकेल कमी यायचं. वाटेत कुणाशी चकार शब्द बोललो नाही. आणि सकाळी बघतो तर काय, दुसऱ्या पेपरात पोच्यासकट सगळं हजर! आईशप्पथ सांगतो, पायाखालची जमीन सरकली. साहेब ओरडलेसुद्धा नाहीत. "उद्यापर्यंत चोर दाखव, नाहीतर येऊ नकोस," एवढंच म्हणाले.

मग मी डोकं शांत करून विचार केला. ती बातमी लिहिताना माहीत होती कुणाला? मला, आणि घरातल्या दोघांना. आई तर गॅसजवळून हलत नव्हती. राहिले बाबा. रोज ताटावर बसले की ते खाली बघत विचारायचे, "आज काय?" मीही भात कालवत सगळं सांगून टाकायचो, त्या दुपारीसुद्धा. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

त्या संध्याकाळी बाबा बागेत निघाले आणि मी बापाच्या मागावर निघालो. चोरासारखं वाटत होतं. बागेत निवृत्त मंडळींचा एक बाक ठरलेला होता. मी पाणपोईच्या आडोशाला उभा राहिलो.

"तुमचा मुलगा पेपरात आहे, पेपरात आहे म्हणता," एक आजोबा बाबांना डिवचत होते, "नाव तर कधी दिसत नाही हो!"

"नाव काय करायचंय?" बाबा ताठ झाले. "काल रॉकेलचं सांगितलं होतं की नाही? आलं की नाही सकाळी? उद्या तिसऱ्या पानावर बघा, शाळेची पडलेली भिंत. पोरगा स्वतः उन्हात उभा राहून आलाय. साहेबांचं पान हलत नाही त्याच्याशिवाय!"

"मग काका, भिंत कुठल्या बाजूची पडली?" बाकाच्या टोकाला बसलेल्या एकाने गोड आवाजात विचारलं आणि बाबांपुढे शेंगांची पुडी धरली. त्याला मी वॉर्ड ऑफिसात कितीदा तरी पाहिला होता. दुसऱ्या पेपरचा वार्ताहर तो.

मला असा संताप आला की जाऊन त्याची गचांडी धरावी. पण मी जागचा हललो नाही. घरी माझ्या कामाला नाकं मुरडणारा हा माणूस चार लोकांत माझ्यासाठी भांडत होता, आणि मला कसला आनंद झाला म्हणून सांगू! बातमीवर नाव नाही, तर पोरगा खरा आहे हे दाखवायला त्यांच्याकडे दुसरं होतं काय? छापून येण्याआधी सांगायचं, एवढंच.

साहेबांना मी सांगितलं, "चोर घरातलाच आहे. पुन्हा होणार नाही." त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं, पण ठेवून घेतलं. बाबांना मात्र मी काही बोललो नाही. काकूंशी एवढं भांडून आलेला माणूस, त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

घरात बातमी बोलणं मी बंद केलं. "आज काय?" "काही नाही, बाबा." छापून आली की पेपर पुढे करायचो, "ही माझी." बाबा चष्मा लावून वाचायचे आणि म्हणायचे, "छापून आल्यावर काय, कुणीही म्हणेल माझी." हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. बागेत जाणंही सोडलं.

पुढे मी कायम झालो. पेढे घेऊन घरी आलो तर दार लोटलेलं, आत बाबा आईला हलक्या आवाजात सांगत होते, "त्याला काढलंय गं. रोज सकाळी निघतो, कुठे जाऊन बसतो देव जाणे. तू विचारू नकोस हं, वाईट वाटेल पोराला."

मी आत जाऊन पेढे पुढे केले. "बाबा, कायम झालो."

बाबांनी पेढा घेतला. माझ्याकडे नीट बघितलं, डोळे पुसले आणि विचारलं, "कुठे लागलास?"